तिरुवनंतपुरममधले लॉरी बेकर: एक दिवस, चार ठिकाणं आणि खिशात मेजपट्टी

लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेने थेट तिरुवनंतपुरम सेंट्रलला नेते. प्रवास एका दिवसाहून जास्त आहे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा जुनी वेळ गृहीत धरू नका. खरं तर पावसाळा टाळलेलाच बरा. केरळात जून ते सप्टेंबरचा पाऊस संपतो न संपतो तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरचा सुरू होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. वार कामाचा निवडा आणि ओणमचा आठवडा सोडा, नाहीतर दिवसातलं मुख्य ठिकाण बंद मिळेल.

सोबत पाच मीटरची मेजपट्टी हवी. कॅमेऱ्यापेक्षा तिचा उपयोग जास्त. कमी खर्चात, उघड्या विटांत बांधणारे वास्तुशिल्पी म्हणजे बेकर. त्यांच्या इमारतींचे फोटो सगळ्यांकडे असतात. विटांची मापं फार थोड्यांकडे.

सुरुवात तंपानूरच्या इंडियन कॉफी हाउसने करा. रेल्वे स्टेशनसमोर, बसस्थानकाला लागून लाल रंगाचा गोल बुरूज दिसतो तोच. आत मजले नाहीत. एकच उतरण मधल्या गाभ्याभोवती फिरत वर जाते. बाहेरच्या भिंतीला लागून बसायचे ओटे आणि टेबलं बांधकामातच केलेली आहेत, आणि प्रत्येक टेबलाशी भिंतीत जाळीची भोकं आहेत. मोक्याची पण चिंचोळी जागा, त्यात जास्तीत जास्त माणसं बसवायची, यातून हा आकार आला. जिन्याची जागा वेगळी काढावी लागली नाही, फर्निचरचा खर्च वाचला. सकाळी लवकर जा, म्हणजे वरच्या वळणावर जागा मिळते. मसाला डोशाच्या भाजीत बीट असतं, दचकू नका.

तिथून रिक्षाने उल्लूर. मीटर टाकायला सांगा, आणि चालकाला ‘चेट्टा’ म्हणा, म्हणजे दादा. प्रशांत नगरमधलं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही अर्थशास्त्राची संशोधन संस्था १९७०-७१च्या सुमारास सुरू झाली. अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांनी ती उभी केली आणि बांधकाम बेकरांकडे दिलं. ही चालू संस्था आहे. आधी ईमेल करून परवानगी घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा, वसतिगृहांकडे विचारल्याशिवाय जाऊ नका. निम्मा दिवस इथेच द्यावा.

आत गेल्यावर ग्रंथालयाच्या बुरुजाकडे धावायचा मोह होतो. त्याआधी कुठल्याही साध्या भिंतीपाशी थांबा आणि पट्टी लावा. नेहमीच्या भिंतीत वीट आडवी निजलेली असते, म्हणून थराची उंची ३ इंच. इथे वीट कडेवर उभी आहे, म्हणून थर साडेचार इंचांचा. दर्शनी बाजूला ९ इंचांची लांब वीट, मग ३ इंचांचं तोंड, पुन्हा ९ इंच, असा क्रम दिसतो. हाच रॅट ट्रॅप बाँड. दोन उभ्या विटा समोरासमोर, मधे ३ इंच पोकळी, आणि त्यांना सांधणारी, भिंतीच्या आरपार जाणारी एक वीट, तीही कडेवरच. हिशोब जागेवरच करून पाहता येतो. सांधे धरून १२ इंच लांब, साडेचार इंच उंच आणि ९ इंच जाड तुकड्याला भरीव बांधकामात ४ विटा लागतात, इथे ३. म्हणजे पाव विटा वाचल्या. विटा सांधणारा मसालाही कमी लागतो आणि आतली हवा ऊन अडवते.

आता चुकतं कुठे ते. गवंडी थापीने मसाला पसरतो आणि तो पोकळीत पडतो. दहा थरांनंतर पोकळी बुजलेली असते. त्यासाठी पोकळीच्या रुंदीची लाकडी पट्टी वर ठेवायची, दोन्ही बाजूंना मसाला लावायचा, पट्टी उचलायची आणि मग वीट बसवायची. पहिला थर, खिडकीखालचा, लिंटलखालचा (म्हणजे दारा-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईखालचा) आणि स्लॅबखालचा थर भरीव हवा. कोपरे आणि दारा-खिडक्यांच्या कडाही भरीव. विजेच्या नळ्यांचे मार्ग आधी ठरवा, कारण मागाहून छिन्नी चालवली की उभी वीट तडकते. आणि वीट सारख्या मापाची, खणखणीत भाजलेली हवी. आपल्याकडे अनेक ठिकाणी मिळणारी ९×६×४ ची वीट यासाठी निरुपयोगी आहे: कडेवर उभी केली की दोन्ही बाजूंचे मिळून ८ इंच जातात, पोकळी उरते १ इंच.

मग वर बघा. काही छतांच्या पोटात मंगलोरी कौलं दिसतील. ही नक्षी नव्हे, हा फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते, तिथलं काँक्रीट जवळजवळ नुसतं वजन. म्हणून सळयांच्या चौकटींत जुनी कौलं ठेवून ते काँक्रीट वाचवलं. कौलं ओतकामाआधी भिजवावी लागतात, नाहीतर ती काँक्रीटमधलं पाणी शोषतात. आणि आधाराच्या भिंतीजवळची पट्टी भरीवच ठेवायची. तिथे कौलं घालण्याची हौस महागात पडते. सळयांचं गणित इंजिनिअरकडूनच करून घ्या.

आवारातल्या नागमोडी भिंतींकडे लोक गंमत म्हणून पाहतात. साडेचार इंचांची सरळ भिंत एकटी उभी राहत नाही, वळण दिलं की राहते. संगणक केंद्राला दोन भिंती आहेत: बाहेर जाळीची गोलाई, आत बंद खोली. रस्ते वाकडे आहेत कारण झाडं आणि उतार होते तसे ठेवले. एवढं नीट पाहिल्यावर ग्रंथालयाचा बुरूज पाहा.

त्याच रस्त्याने पुढे श्रीकार्यम. तिथल्या लोयोला संस्थेच्या आवारातलं प्रार्थनागृह मोठ्या, खांबांशिवायच्या जागेसाठी पाहायचं. उंच दुहेरी भिंती मधल्या विटांनी एकमेकींना बांधलेल्या आणि जाळीच्या भोकांनी भरलेल्या आहेत. शाळा भरलेली असताना आत सोडतीलच असं नाही. अर्धा तास पुरे.

परतताना केशवदासपुरमहून एम. सी. रोडने नालंचिरा. इथल्या खडकाळ, चढाच्या टेकडीवर बेकरांनी स्वतःचं घर बांधलं, ‘द हॅमलेट’. वर्षानुवर्षं ते वाढत गेलं, कुठे फुटकी भांडी, कुठे जुनं लाकूड वापरत. १९१७ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला हा माणूस इथे पोहोचण्याआधी कुष्ठरोग्यांच्या मिशनचं काम करत होता. मग डॉक्टर पत्नी एलिझाबेथ यांच्यासह पिथोरागडला बरीच वर्षं राहिला आणि डोंगरातली माणसं जवळचा दगड, माती, लाकूड कसं वापरतात ते शिकला. त्याआधी, इंग्लंडच्या बोटीची वाट पाहत मुंबईत अडकले असताना बेकरांची गांधीजींशी गाठ पडली होती. पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून घर व्हावं, हे ते गांधीजींकडून आलेलं सूत्र म्हणून सांगत.

हे सूत्र घेतलं तर मालवणात बेकरांसारखं घर विटांचं होणार नाही, जांभ्याच्या चिऱ्याचं होईल. उघड्या विटांची भिंत कोकणच्या तिरप्या पावसात नेऊन उभी करणं ही नक्कल झाली. नेलीच तर छप्पर निदान अडीच-तीन फूट बाहेर काढा, जोतं उंच घ्या, आणि विटांमधल्या फटी (दरजा) नीट भरून घ्या. तिरुवनंतपुरममध्येही ज्या विटांच्या जाळ्यांवर छप्पर पुरेसं बाहेर आलेलं नाही, तिथे शेवाळ चढतं. जाळीतून डासही येतात. आतून बारीक जाळीची चौकट बसवायची सोय आधीच ठेवावी.

‘द हॅमलेट’ हे खासगी घर आहे. अगोदर ठरलं नसेल तर फाटकाबाहेरूनच पाहा, बेल वाजवू नका.

प्रत्यक्ष हात घालायचा असेल तर शहराबाहेर विळप्पिलशाला इथे बेकरांच्या नावाचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे जायला दुसरा दिवस ठेवा आणि आधी फोन करून जा. १९८५ साली बेकर आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेली कॉस्टफोर्ड ही संस्था याच पद्धतीची बांधकामं आजही करते. चालू साइट पाहायला मिळाली तर गवंड्याला पोकळीवरची ती लाकडी पट्टी दाखवायला सांगा. लांबी, मूठ आणि जाडी वहीत उतरवून घ्या; गावाकडचा सुतार तेवढ्यावरून ती करून देईल.