रेशमी तारा आणि लाउडस्पीकर

ध्वनिसंयोजक म्हणून ढोलताशांपासून जलतरंगापर्यंत बरेच काही माझ्या हाताखालून गेले आहे, पण शांघायमधल्या त्या छोट्या सभागृहात गूछिन या चिनी तंतुवाद्याने जितका घाम काढला तितका क्वचितच कोणी काढला असेल. एक संगीतकार बाई स्वतःचीच रचना वाजवणार होत्या. समोर सात तारांचे गूछिन, शेजारी लॅपटॉप, आणि आधाराला ‘ल्यू श्वेई’ ही १४२५च्या ‘शन्-ची मी-पू’ या संग्रहात आढळणारी जुनी रचना. गूछिनच्या जुन्या स्वरलेखनाच्या लिपीत तार, बोट आणि आघात नोंदलेले असतात, काळाचे माप मात्र नसते. म्हणूनच बाईंनी संगणकाला ठेका दिला नव्हता. तो त्यांच्या आघाताची वाट पाहत असे.

हे वाद्य मुळात खोलीत, चार जाणत्यांपुढे वाजवायचे. त्याची ध्वनिरंध्रे पोटाखाली असल्यामुळे नाद आधी टेबलावर आदळतो आणि मग बाहेर पडतो. त्यातच, बहुतेक वादक आता पोलादी तारा वापरत असताना, बाईंनी मुद्दाम मंद आवाजाच्या रेशमी तारा चढवल्या होत्या. मायक्रोफोन वर लावला तर घासट फार आणि नाद कमी. खालच्या मोठ्या रंध्रापाशी लावला तर नाद भरदार, पण स्पीकरचा आवाज आत शिरून शिटी वाजायला लागे. शेवटी एक खाली आणि एक डाव्या हाताजवळ, अशी तडजोड केली.

डाव्या हाताजवळचा मायक्रोफोन बाईंना हवाच होता. तार छेडल्यावर अंगठा तिच्यावरून सरकत राहतो, नाद विझतो तरी थांबत नाही, आणि मग उरते ती रेशमावरची नुसती खसखस. मींड ऐकून वाढलेल्या माझ्या कानांना नाद संपल्यानंतरचीही मींड असू शकते, हे नवे होते. हीच खसखस संगणक ताणून खर्जातल्या घुमाऱ्यात बदलत असे, आणि तार कुठे संपली हे मिक्सरपाशी बसूनही मला नेमके सांगता येत नव्हते.

तालमीत आयोजकांनी गूछिन मोठे करण्याचा आग्रह धरला. बाईंनी उलट लॅपटॉपचा आवाज उतरवायला सांगितला, आणि मला तेच पटले, कारण फुगवलेले गूछिन गिटारसारखे वाजते. सभागृहातली वातानुकूलन यंत्रणाही बंद करवून घेतली. कार्यक्रमानंतर मागच्या रांगेतल्या दोघांनी सुरुवातीचे काही ऐकूच आले नाही अशी तक्रार केली. ती खरी होती, तरी पुन्हा संधी मिळाली तर मी आवाज तेवढाच ठेवीन. फार तर मागच्या रांगा रिकाम्या ठेवायला सांगेन.