दालमिलच्या चाळणीवर तूर पुढे का सरकत नाही?

विदर्भात गावोगावच्या दालमिलमध्ये चाळणी अडली की आधी उतार वाढवतात. त्याने डाळ नीट न चाळताच पुढे पळते. आधी हेलकावा बघा.

चाळणीचा पत्रा पुढे जाताना वर उचलतो, दाब वाढतो आणि घर्षण दाण्याला सोबत नेतं. मागे येताना पत्रा खाली जातो, पकड सुटते, दाणा पुढेच राहतो. आडव्या चाळणीवर मिनिटाला १४४० फेऱ्यांना उभा हेलकावा मध्यापासून ०.४३ मिमीच्या वर गेला की दाणा उड्याच मारतो.

चाळणीच्या बाजूला कागद चिकटवा, पट्ट्यापासून हात लांब ठेवून पेन्सिल क्षणभर टेकवा. तिरकी सरळ रेघ हवी. दोन व्हायब्रो (कंप देणाऱ्या) मोटरच्या चाळणीवर गोल उमटला तर मोटरी एकाच दिशेने फिरताहेत. वायरिंगनंतर हे हमखास होतं. मेन स्विच बंद करून एकीच्या दोन फेजच्या वायरी अदलाबदल करा, म्हणजे ती उलट फिरेल. रेघ लांबट अंडाकार असेल तर स्प्रिंग आणि मोटरीचे बोल्ट तपासा.

रेघ बरोबर असूनही तूर अडते? मग जाळी बघा. तेल लावलेल्या तुरीची चुरी पावसाळ्यात भोकांत चिकटते. भोकं मोकळी ठेवायला जाळीखाली रबरी गोळ्या हव्यातच, झिजलेल्या बदला.