तुम्ही विचारलंत म्हणून: "तुम्हालाच बऱ्या असल्या वस्तू सापडतात!"

घरी आलेल्या माणसाने घावणे खाल्ले, तव्याचं कौतुक केलं आणि मी किंमत सांगितली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "साठ रुपये? तुम्हालाच बऱ्या असल्या वस्तू सापडतात! आम्ही गेलो की नुसते फुटके कप." आता इतक्या जणांनी विचारलंय, तर एकदा सांगूनच टाकते.

दुकान रत्नागिरीतलं, एका ट्रस्टचं. लोक घरातल्या नकोशा वस्तू आणून देतात, निवृत्त शिक्षिका त्या पुसून, किमतीची चिठ्ठी चिकटवून मांडतात आणि आलेला पैसा खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलींच्या वसतिगृहाला जातो.

पहिली चूक सगळे करतात, मीही केली. आत शिरलं की तांब्यापितळेकडे धावायचं. पण पितळेला मोडीचा भाव असतो आणि तो या बायांना तुमच्याआमच्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. हंडा-कळशी आधी तराजूवर जाते, मग चिठ्ठी लागते. तिथे स्वस्त काही नाही. एकदा हौसेने पितळेचं पातेलं आणलं. कल्हई उडालेली होती, पण म्हटलं, बघू पुढे. कल्हईवाला महिनाभर फिरकला नाही आणि मी शहाणीने त्यात कोकमाचं सार केलं. ते इतकं कळकलं की वासानेच ओतून दिलं. नंतर कल्हईला दिलेले पैसे धरले, तर बाजारातलं नवं पातेलं काही फार लांब नव्हतं.

म्हणून माझा नियम एकच: भंगारवाला ज्याला हात लावत नाही, ते बघायचं. लाकूड, चिनी माती, कापड. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तो घेतो, पण कवडीमोलाने. माझा तवा असाच कोपऱ्यात पडलेला होता, गंजून लाल. गंजाला घाबरायचं नाही, तडा मात्र बघायचा. हाताने उचलून बोटाच्या पेराने वाजवायचा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर ठेवून द्या. घरी आणून चिंचेने घासला, चुलीवर सुकवला, तेल लावून तापवला, पुन्हा तेल, पुन्हा आच. चौथ्या दिवशी पहिलं घावण चिकटलं, दुसरं सुटलं.

बरणीही वाजवूनच घ्यायची. शिवाय तिला बाहेरून हात फिरवा. मिठाची पांढरी खपली दिसली तर समजा, पूर्वीचं लोणचं भिंतीतून पाझरत होतं.

सगळ्यात मोठा लाभ झाला तो शिरवाळ्यांच्या, म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवयांच्या, लाकडी साच्याचा. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, "शोपीस, लाकडी, ७०." सुट्टीत मदतीला आलेल्या कुणा कॉलेजकुमाराचं अक्षर असावं. माझं माहेर मालवणकडचं, त्यामुळे मला शोपीस दिसलाच नाही. मला आई उकड आत भरताना आणि बाबा दांड्यावर जोर देताना दिसले. मी बाईंना चिठ्ठी चुकल्याचं सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "न्या हो, दोन महिने कोणी विचारलं नाही." मी शंभराची नोट दिली आणि सुटे मागितले नाहीत. मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात बांगड्याच्या वाट्यावर मी दहा रुपयांसाठी हुज्जत घालते, पण इथे नाही. चिठ्ठी परवडली नाही तर वस्तू जागेवर ठेवते.

विजेचं काही घेऊ नका. खाऱ्या हवेने आतून काय खाल्लंय ते दुकानात कळत नाही. प्लायवूडचं कपाटही नको. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, त्यानंतर धुऊनपुसून रंगवलेलं बरंच फर्निचर फिरत होतं. मी वाकून पाहिलं नाही आणि एक टेबल आणलं. तळाशी चिखलाची रेघ होती, पावसाळ्यात ते पावासारखं फुगलं. सागवान असतं तर निभावलं असतं.

कापड उजेडासमोर धरायचं. रेशमी साडी बहुतेक घडीवर विरते, आणि वर ठेवलेल्या बाजूने ती कशी नवीकोरी दिसते! वास घ्यायला लाजू नका. सासूबाईंना दुसऱ्याचं नेसलेलं घरात चालत नाही, दुसऱ्यांच्या बरण्या चालतात. का, ते मी विचारलेलं नाही.

आणि वेळ. मे महिन्यात चाकरमानी येतात, बंद घरं उघडतात, माळे झाडतात, आणि पाऊस लागायच्या आत मुंबई गाठायच्या घाईत नको ते सगळं इकडे आणून टाकतात. जूनचे पहिले दहा दिवस म्हणजे आमची दिवाळी. गणपतीनंतर थोडंफार येतं, पण त्यात मखरं आणि दिव्यांच्या माळाच जास्त.

दहापैकी सात वेळा मी रिकामी पिशवी घेऊन परत येते. ते तुम्हाला दिसत नाही, तवा तेवढा दिसतो.

नवीन माल शनिवारी सकाळी मांडतात. तेव्हा मी असते. तुम्ही आपले बुधवारी या.