आमची वाटचाल : नाशिकच्या सिडकोतल्या जेवणाच्या टेबलावरून अंबडच्या गाळ्यात

२०१४ साली यांच्या कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला आणि घराचा हप्ता जड जायला लागला. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता, पण लग्नानंतर सोल्डरिंग गन हातात धरली नव्हती. सातपूरच्या एका पॅनलवाल्यांनी २५ कार्डांचं, म्हणजे सुटे भाग सोल्डर करून द्यायच्या सर्किट बोर्डांचं, जॉबवर्क दिलं. शेतपंपाच्या ऑटो स्टार्टरची कार्डं. रात्री लाईट आली की मोटर आपोआप चालू व्हावी आणि एखादी फेज गेली तर लगेच बंद पडावी, एवढंच त्यांचं काम. पण बागाईतदाराची झोप त्यावरच अवलंबून.

कॉलेजात आम्ही बोर्डाच्या भोकात भागांचे पाय घालून सोल्डर करायचो. इथे बिनपायांचे, बोर्डावर वरूनच बसवायचे ०८०५ मापाचे रेझिस्टर, २ मिमी लांब आणि सव्वा मिमी रुंद. पहिल्याच संध्याकाळी मला शिंक आली आणि सात-आठ नग खाली उडाले. फरशी मोझॅकची! दोन सापडले, बाकीचे केरात गेले असणार.

हात बसायला महिना गेला. आधी एका पॅडवर (बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर) थोडं सोल्डर घ्यायचं, चिमट्यात धरलेला नग वितळलेल्या सोल्डरात सरकवायचा, मग दुसरी बाजू. आयसीचे (चिपचे) समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय आधी अडकवायचे, भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) लावायचा आणि बिट, म्हणजे गनचं टोक, ओढत न्यायची. दोन पाय चिकटले तर विक, म्हणजे जादा सोल्डर शोषून घेणारी तांब्याची विणलेली पट्टी. ६३/३७ (कथील-शिसं) सोल्डर १८३ अंशांना वितळतं, तरी ग्राउंडचं पॅड दाद देत नाही, कारण मागे पसरलेलं तांबं सगळी उष्णता ओढून घेतं. जोड नीट बसला की सोल्डर पॅडवर किंचित खोलगट उतरतं. गोळा होऊन बसलं तर समजायचं, पॅड तापलंच नव्हतं.

२०१६ च्या पावसाळ्यात ६० कार्डांतली ११ निफाडहून परत आली. कार्ड बंद, टर्मिनलजवळ अंगठ्यानं दाबलं की चालू. सगळे म्हणाले, ड्राय सोल्डर, म्हणजे जोड कच्चा. मीही सगळे जोड पुन्हा तापवून दिले. पंधरा दिवसांत तीच कार्डं परत! मग १० पटीच्या भिंगाखाली, लाइट तिरका धरून बघत बसले. जोडांत खोट नव्हती. कडेच्या सिरॅमिक कपॅसिटरच्या अंगावर केसासारखी चीर होती. चार कार्डांची जोडलेली पट्टी सुटी करताना आम्ही चिक्की मोडावी तशी हातानं मोडत होतो. बोर्ड वाकतो, सिरॅमिक वाकत नाही. अकराही कार्डं पदरमोड करून बदलून दिली. तेव्हापासून पट्टी कटरवरच कापतो आणि डिझाइनवाल्याला कपॅसिटर कडेपासून लांब घ्यायला सांगतो.

तपासणीला सोल्डरिंगइतकाच वेळ जातो आणि त्याचेही पैसे मी लावते. रेटवरून कुरकुर होते, होऊ दे. सप्लाय द्यायच्या आधी मीटरनं शॉर्ट बघायचा. आयसीचा प्रत्येक पाय लाकडी टूथपिकनं हलवून बघायचा. पहिल्यांदा करंट ५० मिलीअँपिअरवर बांधूनच ५ व्होल्ट द्यायचे. शॉर्ट सापडत नसेल तर कार्डावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पसरायचं आणि करंट थोडा वाढवायचा. शॉर्टची जागा तापते, म्हणून जिथलं आधी वाळेल तिथेच तो समजायचा.

२०२१ च्या चिपटंचाईत नेहमीचा पायवाला आयसी मिळेना, होता तो क्यूएफएन, म्हणजे सगळे जोड पोटाखाली. तेव्हा हॉट एअर (गरम हवेची गन) आणि पेस्ट (फ्लक्समध्ये कालवलेली सोल्डरची भुकटी) शिकावी लागली. पेस्ट घरच्या फ्रिजमध्ये नको (शिसं असतं), म्हणून जुना छोटा फ्रिज घेतला. बाहेर काढून तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, मगच झाकण उघडायचं. घाई केली तर गार पेस्टवर हवेतलं पाणी धरतं. गरम हवेत पेस्ट चकाकली की आयसीला चिमट्यानं अगदी हलका धक्का द्यायचा. तो डुलून पुन्हा आपल्या जागी आला तर खालचं सोल्डर वितळलं. तसाच सरकून राहिला तर अजून थांबायचं. तरी पोटाखालचं सगळं दिसत नाही, म्हणून अशा कार्डांना तासभर लोडवर चालवूनच डिलिव्हरीचं चलन बनवतो.

आता अंबडला ४०० चौरस फुटांचा गाळा आहे आणि आम्ही चौघी आहोत. भिंगावर बसणाऱ्या ताई आधी साड्यांना फॉल-पिको करायच्या. त्यांनी बाजूला ठेवलेलं कार्ड मी पुन्हा तपासत नाही. १० नगांचीही ऑर्डर घेतो. ०४०२ पर्यंत हातानं करतो. ०२०१ साठी कुणी फोन केला तर मी सरळ नाही म्हणते. खसखशीच्या दाण्याहून बारीक वस्तू मशीनवाल्यांनीच लावावी.