तुम्ही विचारलंत म्हणून : आम्ही वाटत काहीच नाही

"ताई, तुमची संस्था नेमकं वाटते काय?" लग्नाच्या पंगतीत, बँकेत, रिक्षात, कुठेही हा प्रश्न येतो. अपंगांच्या हक्कांसाठी काम करते म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मंडप उभा राहतो. स्टेजवर पाहुणे, खाली ओळीने तीनचाकी सायकली, प्रत्येकीच्या हँडलला झेंडूचा हार. विचारणाऱ्याचा भाव चांगलाच असतो. पुढचं वाक्य बहुतेकदा "आम्हालाही काहीतरी द्यायचं होतं" हे असतं. म्हणून एकदा सविस्तर सांगते. आम्ही वाटत काही नाही, मागतो. कायद्यात लिहिलेलं असेल ते मागतो, आणि लिहिलेलं नसेल तर आधी लिहा म्हणून मागतो.

हे मागणं आपल्याकडे ज्यांनी धिटाईने केलं, त्यांत जावेद अबिदींचं नाव फार वरचं. अलीगढचा जन्म, १९६५चा. मणक्याचा जन्मजात आजार, पुढे व्हीलचेअर. अमेरिकेत पत्रकारितेचं शिक्षण घेऊन ते परत आले आणि दिल्लीत या कामात पडले. अपंगांसाठीचा पहिला सर्वंकष कायदा १९९५च्या डिसेंबरात संसदेत मंजूर झाला. त्यासाठी रस्त्यावर उतरलेल्यांत ते पुढे होते.

पण त्या कायद्यात एक मेख होती. रस्ते, इमारती, वाहनं अपंगांना वापरता येतील अशी करा, असं म्हणताना शब्द घातले होते, 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत'. सरकारी भाषा ज्याने ऐकली आहे त्याला याचा अर्थ सांगायला नको. 'निधी उपलब्ध नाही' एवढं उत्तर दिलं की फाइल बंद.

अबिदींनी विमानतळांच्या सोयींसाठी सर्वोच्च न्यायालय गाठलं तेव्हा हेच शब्द आडवे आले. १९९८च्या निकालात विमानात चढवणारी लिफ्ट आणि आतल्या चिंचोळ्या वाटेत मावणारी खुर्ची यांचा विषय झाला. अंधांना इंडियन एअरलाइन्सच्या तिकिटात जी निम्मी सवलत होती, ती ८० टक्के वा त्याहून जास्त चलनवलन-अपंगत्व (म्हणजे हातापायांच्या हालचालीचं अपंगत्व) असणाऱ्यांनाही मिळाली. विमानाचे लाड कशाला, असं तेव्हा आपल्यातलेही म्हणत. मला उलट वाटतं. जिथे भरपूर पैसा आहे तिथेच 'परवडत नाही' हे कारण सगळ्यांत उघडं पडतं.

२००१ साली व्हीलचेअर वापरणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले होते. त्यांना कुतुबमिनार वगैरे पाहायचं होतं. अबिदींनी पाठपुरावा केला आणि पुरातत्त्व खात्याने लाकडी तात्पुरते रॅम्प टाकले. ज्या वास्तूंत आपल्याकडच्या व्हीलचेअरवाल्यांना वर्षानुवर्षं जाता येत नव्हतं, तिथे पाहुण्यासाठी लगोलग सोय झाली. (मला या गोष्टीचा राग येतो आणि हसूही.) त्याच वर्षीच्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न घ्यावा म्हणूनही त्यांनी मोहीम चालवली. तो प्रश्न आला आणि आकडा निघाला २ कोटी १९ लाख. खरा आकडा त्याहून मोठा असणार, कारण घरातलं अपंग मूल लपवण्याची सवय एका जनगणनेत जात नाही. पण छापील आकडा हातात असल्यावर निवेदनाला वजन येतं.

पुढे २०१६चा कायदा आला. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ वरून ४ टक्के. त्याच्या आधीच्या मसुद्यावरून चळवळीत दोन तट पडले होते. मसुदा कच्चा आहे, घाई नको, असं काहींचं म्हणणं. आधी मंजूर करून घ्या, असं अबिदींचं. मी घाई नको म्हणणाऱ्यांच्या बाजूची. ४ मार्च २०१८ला अबिदी गेले. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे, म्हणजे जागा आणि सेवा अपंगांना वापरता येण्याचे, निकष नियमांत नुसते सल्ल्यासारखे ठेवणं या कायद्याशी विसंगत आहे. ते बंधनकारक करा. म्हणजे वाद अजूनही शब्दांचाच आहे.

आता माझं रोजचं काम. एका सरकारी कार्यालयाने कळवलं, की रॅम्प व स्वच्छतागृह 'पूर्ण'. गेले. तीन पायऱ्या, मिळून दीड फूट उंची. निकष एकास बारा, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट लांबीचा उतार हवा. तिथे टेप लावला तर जेमतेम सहा फूट भरला. चढताना दोघांनी ढकलावं लागलं आणि उतरताना माझी व्हीलचेअर म्हणजे ब्रेक नसलेली हातगाडी. आत अपंगांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. किल्ली शिपायाकडे, शिपाई टपाल द्यायला गेलेला. तो आल्यावर दार उघडलं, तर आत फिनेलचे कॅन, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या मतपेट्यांसारखे दिसणारे पत्र्याचे डबे. कमोडवर रद्दीचे गठ्ठे. साहेब म्हणाले, "मॅडम, वापरायला कुणी येतच नाही ना."

मी फोटो काढले, मापं लिहिली, आवक विभागात निवेदन देऊन पोच घेतली. नंतर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, त्या बांधकामाचं बिल आणि पूर्णत्वाचा दाखला मागणारा. कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे निकष न पाळलेल्या इमारतीला तो दाखला देताच येत नाही. दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार. आमचं काम दिसायला हे असं असतं. हार नाही, फोटोत पाहुणे नाहीत, आणि शिक्का अस्पष्ट उमटला तर पुन्हा मारून मागायचा.

तीनचाकी सायकली वाटणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. ज्याला हवी त्याला ती मिळायलाच हवी. पण ती चालवत तो तहसील कचेरीपर्यंत पोचतो, आणि पायऱ्यांशी थांबतो.

तरी तुम्हाला काही द्यायचंच असेल, तर पुढच्या वेळी मुंजीला, लग्नाला हॉल ठरवताना मालकाला एवढंच विचारा : पायऱ्या किती, दार किती रुंद, आणि अपंगांच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असते? मी विचारलं तर त्याचं निवेदन होतं आणि ते फाइलला लागतं. गिऱ्हाइकाने विचारलं तर मालक स्वतः उठून बघायला जातो.