अडवणाऱ्या क्रियापदांचा गठ्ठा: 'इम्पीड' मार्गी, 'थ्वॉर्ट' अर्ध्यावर

इंग्रजी शब्द पाठ करायच्या कार्डांच्या या गठ्ठ्यात 'अडवणे' या अर्थाची सहा क्रियापदं आहेत. त्यातलं 'इम्पीड' पक्कं झालं. हिंडर, हॅम्पर आणि ऑब्स्ट्रक्ट उजळणीच्या फिरतीवर आहेत, थ्वॉर्ट अर्ध्यावर आलंय आणि स्टायमीला अजून हात लावलेला नाही.

हे गठ्ठे बहुतेकांचे एकाच जागी फसतात. सहाही कार्डांच्या मागे 'अडथळा आणणे' एवढंच लिहिलेलं असतं, त्यामुळे इंग्रजीवरून मराठी आठवतं, पण मराठीवरून नेमकं इंग्रजी येत नाही. म्हणून यावेळी प्रत्येकाला आपापला मराठी वाक्प्रचार दिला. इम्पीडला 'खोडा घालणे', थ्वॉर्टला 'बेत हाणून पाडणे', हॅम्परला 'गळ्यात लोढणं'.

खोडा निवडण्याचं कारण आहे. लॅटिनमध्ये 'पेस' म्हणजे पाय, आणि इम्पीडचं मूळ पाय अडकवण्यात आहे. आपला खोडाही कैद्याचे पाय अडकवायचं भोकाचं लाकूडच. रोमन सैन्याच्या सामानसुमानाला 'इम्पेडिमेंटा' म्हणत, चाल मंदावणारं ओझं ते. उलट पाय मोकळा केला की 'एक्स्पिडाइट', म्हणजे काम वेगाने पुढे नेणे. दोन्ही कार्डं एकमेकांना धरून ठेवतात, पण एकाच दिवशी घालू नका.

अर्थाची खरी मेख अशी की इम्पीडमध्ये काम थांबलंच पाहिजे असं नाही, ते रखडतं. फुटबॉलच्या नियम १२ मधली व्याख्या याला उत्तम. चेंडू दोघांपैकी कोणाच्याच खेळण्याच्या टप्प्यात नसताना प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत सरकून त्याला अडवणं, त्याचा वेग कमी करणं किंवा दिशा बदलायला लावणं, हे सगळं 'इम्पीड'. आधीपासूनच वाटेत उभं असणं हा गुन्हा नाही, वाटेत येणं हा आहे. अंगाला अंग लागलं नाही तर अप्रत्यक्ष फ्री किक, लागलं तर थेट. विजेच्या छंदवाल्यांना दुसरा पुरावा घरातच सापडेल. स्पीकरच्या मागे ४ किंवा ८ ओहम छापलेलं असतं तो 'इम्पिडन्स', हा शब्द ऑलिव्हर हेविसाइडने १८८६ मध्ये घडवला. प्रवाह वाहतो, पण मोकळेपणाने नाही.

यावरून चाचणी निघते: वाक्यापुढे 'तरीही काम झालं' जोडून बघा. 'पावसाने बचावकार्यात खोडा घातला, तरीही काम झालं' हे खपतं, म्हणजे इम्पीड चालेल. 'पोलिसांनी कट हाणून पाडला, तरीही तो तडीस गेला' हे खपत नाही, म्हणून तिथे थ्वॉर्ट. थ्वॉर्टचं कर्म बेत, डाव, कट, महत्त्वाकांक्षा किंवा ते मनात धरणारा माणूस असतं, रहदारी नाही. ऑब्स्ट्रक्टला ही चाचणी लागत नाही, तिथे वाट किंवा नजर अडलेली दिसावी लागते. क्रिकेटच्या नियम ३७ मध्ये त्याला 'जाणूनबुजून' ही अट आहे, म्हणून १९८९ मध्ये मोहिंदर अमरनाथ श्रीलंकेविरुद्ध 'ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड' बाद झाले, 'इम्पीडिंग' नव्हे.

वापरताना हमखास घसरण तीन ठिकाणी होते. इम्पीडनंतर शब्दयोगी काही नाही, थेट कर्म: 'इम्पीड प्रोग्रेस'. 'इन' घुसतो तो मराठीतल्या 'कामात अडथळा'मुळे. 'टू' लागतो तो नामाला, 'अॅन इम्पेडिमेंट टू प्रोग्रेस'. उच्चारात क्रियापद इम्‑पीड, पण नाम इम्‑पे‑डिमेंट, आघात दोन्हीत दुसऱ्या अक्षरावर, 'पे' ऱ्हस्व. आणि 'हिम फ्रॉम गोइंग' ही जोड प्रिव्हेंटला द्या, फार तर हिंडरला.

कार्डाची बांधणी: पुढच्या बाजूला कर्मासकट रिकामी जागा असलेलं वाक्य, मागे क्रियापद आणि वाक्प्रचार. अँकी या कार्डं घोकायच्या अ‍ॅपमध्ये एकाच नोंदीतून (नोटमधून) बनलेली भावंडं कार्डं त्याच दिवशी न येऊ देण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. पण थ्वॉर्ट आणि इम्पीड वेगळ्या नोटमध्ये असतात, त्यांना ही सोय लागू होत नाही. आधीचं मुरल्यावरच पुढचं घाला. आठ वेळा चुकलेल्या कार्डावर अँकी 'लीच'चा, म्हणजे वेळ खाणाऱ्या जळवेचा, शिक्का मारतं. तसं कार्ड पुन्हा पुन्हा घोकण्यात अर्थ नाही, वाक्यच बदला.

आता स्टायमीची पाळी. हा गोल्फचा शब्द: प्रतिस्पर्ध्याचा चेंडू तुमचा चेंडू आणि भोक यांच्या मधोमध येणं. दोन चेंडूंतलं अंतर सहा इंचांपेक्षा जास्त असेल तर तो उचलता येत नसे, वरून उडवा नाहीतर वळवून न्या. हा नियम १९५२ मध्ये गेला, क्रियापद राहिलं. त्याच्या मागे 'कोंडी करणे' लिहिणार आहे. कर्मणी प्रयोगात ते जास्त भेटतं, म्हणून पहिलं वाक्य 'वाटाघाटींची कोंडी झाली' याच्या चालीवर.