वर्गमित्रांच्या प्रेझेंटेशनवर अभिप्राय देताना

इकडे परदेशी विद्यापीठांत अनेक कोर्सेसमध्ये प्रेझेंटेशन झालं की प्राध्यापकांच्या आधी वर्गमित्र ऑनलाइन अभिप्राय देतात. शिकायला येणाऱ्यांनी ही पद्धत आधीच समजून घ्यावी, कारण दुसऱ्याला काय लिहिता यालाही गुण असू शकतात. मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांचं काम तपासण्यासाठी 'वर्कशॉप' नावाची सोय आहे, तिचं मूळ सेटिंगच ८०-२० असतं: ८० गुण स्वतःच्या कामाला, २० तुम्ही केलेल्या मूल्यमापनाला. शिक्षक ते बदलू शकतात.

फॉर्म छोटाच हवा. तीन प्रश्न पुरतात: मुख्य मुद्दा एका वाक्यात लिहा; कुठे समजलं नाही ते स्लाइड क्रमांकासह सांगा; एक बदल सुचवा. यातला पहिला सर्वात मोलाचा. वीसपैकी आठ जणांनी भलताच मुद्दा लिहिला, तर वक्त्याची सुरुवातच फसलेली असते, आणि हे त्याला एरवी कोणी सांगत नाही.

बोलणं चालू असताना टाइप करू नका, ऐकणं सुटतं. कागदावर स्लाइड क्रमांक टिपा आणि संपल्यावर लगेच तीन-चार मिनिटांत फॉर्म भरा. रात्रीवर ढकललं की 'छान झालं, थोडं हळू बोला' एवढंच उरतं. त्यापेक्षा असं लिहा: 'स्लाइड ६ वरच्या आलेखात उभा अक्ष कशाचा ते सांगितलं नाही, म्हणून पुढची तुलना कळली नाही. आधी अक्ष सांग, मग आकडे.' आपली मुलं इथे बिचकतात, पण असं नेमकं बोट ठेवलेलं कुणालाही लागत नाही.

अभिप्राय देणाऱ्यांची नावं वक्त्यापासून लपवावीत, शिक्षकांना मात्र दिसावीत. नाहीतर शेरेबाजी सुरू होते, विशेषतः उच्चारांवर. 'उच्चार कळत नाहीत' याचा काही उपयोग नाही, 'अमुक शब्द कळला नाही' याचा आहे. तो शब्द पुढच्या वेळी स्लाइडवर लिहिता येतो.

आकड्यांत गुण द्यायला लावलं की मित्र मित्रांना पाचपैकी पाच देऊन मोकळे होतात. फाल्चिकॉव्ह आणि गोल्डफिंच या संशोधकांनी २००० साली विद्यार्थ्यांनी एकमेकांना दिलेल्या गुणांवरचे ४८ अभ्यास एकत्र तपासले. निकष नीट समजलेले असतील आणि त्यांवरून एकच एकूण गुण द्यायचा असेल, तेव्हा विद्यार्थ्यांचे गुण शिक्षकांच्या गुणांशी जास्त जुळतात, असं त्यांना आढळलं. म्हणून गुण द्यायचेच तर दहा रकान्यांची गरज नाही.

शेवटची पायरी बऱ्याच ठिकाणी गाळली जाते, आणि तिथेच सगळी मेहनत वाया जाते. अभिप्राय परस्परविरोधी येणारच. म्हणून वक्त्याने आठवडाभरात लिहून द्यावं: कोणत्या दोन सूचना घेतल्या, कोणती सोडली आणि का.